कादंबरीतल्या नवऱ्याचं काय झालं

वाचक मंडळाच्या चिटणिसांनी मला एक पत्र पाठवलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पुढे जे काही झालं ते सगळं त्या न दिलेल्या उत्तरातून झालं. पत्रांना वेळच्या वेळी उत्तरं देणाऱ्या माणसांवर संकटं येत नाहीत असं नाही. पण निदान ती दार वाजवून येत असावीत.

पत्र साधं होतं. ‘मंडळाच्या पुढील बैठकीत आपण एका नव्या कादंबरीवर वीस मिनिटे बोलावे, अशी विनंती आहे. होकार वा नकार लेखी कळवावा.’ चिटणीस आमच्या समोरच्याच इमारतीत राहतात. त्यांच्या गॅलरीतून आमच्या ओट्यावरचं दूध उतू जाताना दिसतं, आणि तसं ते ओरडून सांगतातही. पण मंडळाचं काम असलं की ते पोस्टानेच कळवतात. दूध ही खाजगी बाब आहे, मंडळ ही सार्वजनिक.

मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. माझी सगळी नोकरी विवाह नोंदणीच्या कचेरीत गेली. तिथे चारचौघांसमोर मी एकच वाक्य बोलत असे, ‘इथे सही करा’. तेसुद्धा बोटाने जागा दाखवून, म्हणजे आवाज फुटला नाही तरी काम अडायचं नाही. तेव्हा नकार कळवणं सोपं होतं. पण नकार लिहायला बसलो की वाटे, आपण कोण लागून गेलो नकार देणारे? होकार लिहायला घेतला की वाटे, ही तर शुद्ध फसवणूक. शेवटी मी पत्र घड्याळाखाली ठेवलं. घड्याळाखाली ठेवलेल्या गोष्टी आपोआप जुन्या होतात, असा माझा अनुभव आहे.

एक दिवस चिटणीसच जिन्यात उभे. हातात जाडजूड पुस्तक.

“अभिनंदन!” ते म्हणाले.

“कशाबद्दल?”

“नियम सात. उत्तर न आल्यास होकार समजण्यात येतो. हे घ्या पुस्तक. ग्रंथालयाचं आहे, पानं दुमडू नका.”

“अहो, पण मी—”

“नम्रता भाषणात दाखवा,” असं म्हणून ते गेले.

कादंबरीचं नाव मी सांगत नाही. शेवट फोडल्याचा आळ माझ्यावर एकदा आला आहे, तेवढा पुरे. मुखपृष्ठावर एका बाईचा अर्धा चेहरा होता आणि उरलेला अर्धा फुटलेल्या आरशात. मागे लिहिलं होतं, ‘शेवटच्या पानापर्यंत तुमचा कोणावरही विश्वास बसणार नाही.’ माझा माझ्यावर पहिल्या पानापासूनच बसत नाही, त्यामुळे मला ते विशेष वाटलं नाही.

गोष्ट एका नवराबायकोची होती. एक प्रकरण नवरा सांगतो, पुढचं बायको सांगते, आणि दोघंही आपल्याशी खोटं बोलतात. नवऱ्याच्या प्रकरणात बायको विसराळू असते. बायकोच्या प्रकरणात कळतं की ती विसरल्याचं सोंग करते. नवरा दिवसभर नकाशांत डोकं खुपसून बसणारा, इमारतींचे आराखडे काढणारा. लोकांना हे वाचून म्हणे झोप लागत नाही. माझी झोप उडाली ती निराळ्याच कारणाने. दुसऱ्याच प्रकरणात या दोघांचं कचेरीत लग्न लागतं, आणि सही करायला साक्षीदार दोनच! मी ते पान पुन्हा वाचलं. दोनच. आमच्या कचेरीत तीन लागत. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी बोटाने रिकामी जागा दाखवून परत पाठवला असता. आता तीनशे पानांचा हा सगळा डोलारा एका अपुऱ्या अर्जावर उभा, मग माणसाने पुढे वाचायचं कसं?

“अगं,” मी बायकोला म्हटलं, “या दोघांचं लग्नच झालेलं नाही.”

ती निळ्या लोकरीचं काहीतरी विणत होती. “मग भांडतात कशाला?”

“तेच तर!”

“लग्न नाही झालं म्हणून माणसं भांडायची थांबतात होय? वाचा पुढे.”

“तू वाचतेस का? मग आपल्याला चर्चा करता येईल.”

“मला नको बाई तसली खुनाबिनाची पुस्तकं,” ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

मी पुढे वाचू लागलो. पण हळूहळू, एकेक विधान तपासत, नोकरीतल्यासारखं. एकदा पुस्तक हातातून निसटलं आणि बरंच पुढचं पान उघडलं. तिथे निळ्या लोकरीचा एक धागा होता. आधीच्या कोणा वाचकाची वस्तू असावी, म्हणून मी तो पाकिटात घातला, पाकिटावर ‘सापडलेले’ असं लिहिलं आणि खणात ठेवलं. समोर बायको निळ्या लोकरीचा गोळा मांडीवर घेऊन बसली होती. इतकी वर्षं लोकांची लग्नं नोंदवून माणसाची दृष्टी किती तयार होते, याचा हा नमुना.

मात्र असली पुस्तकं अंगात मुरतात हे खरं. कादंबरीतली बायको रोज दुपारी खोटं कारण सांगून बाहेर पडते, हे वाचलं त्याच दिवशी आमची बायको म्हणाली, “शिवणवाल्या बाईंकडे जाऊन येते हं.” गेली. शिवायचं कापड खुर्चीवरच राहिलं होतं. मी ते उचलून तिच्यामागे जिन्याशी आलो, तर तिची पावलं खाली जाण्याऐवजी वर चाललेली. शिवणवाल्या बाई तर रस्त्यापलीकडे राहतात!

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी पायांतले जोडे काढून हातात घेतले आणि वर गेलो. माझ्या वयाच्या माणसाने स्वतःच्या धर्मपत्नीचा माग काढत अनवाणी जिना चढावा, हे शोभत नाही, हे मला पहिल्याच मजल्यावर कळलं होतं. पण अर्धा जिना चढल्यावर परत फिरणं हेही गुडघ्यांच्या दृष्टीने नुकसानीचंच असतं.

सगळ्यात वरच्या मजल्यावरचं दार लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज आला.

“रोज चहातून एक गोळी देते. त्याला पत्ताच नाही. उलट म्हणतो कसा, अलीकडे मला झोप छान लागते!”

मी भिंतीला धरलं. हेच वाक्य, याच शब्दांत, मी त्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हटलं होतं.

“इश्श! आणि ओळखत कसा नाही?” दुसरा आवाज.

“ओळखणार कसा? डोकं सदा कागदात!”

खूप बायका हसल्या. इतक्या बायका आत असतील असं मला वाटलं नव्हतं.

“मग संपवणार कधी?”

“शुक्रवारपर्यंत संपवते. घाई केली तर मजा जाते.”

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. आमच्या इमारतीतले डॉक्टर. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. निवृत्त झाल्यापासून माणसांवर भागवतात.

“इथे काय करताय?”

“मीटर बघतोय,” मी म्हटलं.

“जोडे हातात घेऊन?”

मग मला त्यांना सांगावंच लागलं. बायकोचं नाव मी घेतलं नाही. ‘एका ओळखीच्या गृहस्थांना’ असा संशय आहे, असं म्हटलं. त्यांनी माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

“त्या गृहस्थांना सांगा, संशय म्हणजे गोचीड. ओढून काढायला गेलं की तोंड आतच राहतं. आधी खात्री करायची. वैरणीत काही मिसळलं तर जनावर काय करतं? हुंगतं. त्यांना हुंगायला सांगा.”

त्या संध्याकाळी मी चहा हुंगला.

“दूध ताजं आहे,” बायको म्हणाली.

“हो हो, वास छान येतोय.” आणि ती आत वळल्यावर मी कप खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशीही केला. रोपाला नवं पान फुटलं. यावरून विषाबद्दल काय निष्कर्ष काढावा ते मला कळेना. डॉक्टरांना जिन्यात विचारलं, तर ते म्हणाले, “रोपांचं मी बघत नाही.”

शुक्रवारच्या आदल्या दिवशी बायको अचानक खोलीत आली तेव्हा मी कप कुंडीवर तिरपा धरून उभा होतो. तिने कप माझ्या हातातून घेतला, विसळला, पालथा घातला. मग ओट्याकडे तोंड करून म्हणाली,

“आवडत नसेल तर सांगायचं. इतकी वर्षं प्यालात तो काय माझं मन राखायला?”

“अगं, तसं नाही—”

“रोपाला आवडतोय ना? झालं तर मग. उद्यापासून रोपापुरताच करीन.”

घरात एकदम सामसूम झाली. कादंबरीतल्या घरात असते तशी. फरक इतकाच, की तिथे वाचणाऱ्याला मजा येते. मी तोंड लपवायला जागा हवी म्हणून पुस्तक उघडलं आणि हावऱ्यासारखा वाचत सुटलो. चार पानं उलटली, आणि समोर तेच! बायको नवऱ्याला चहातून गोळी देते. नवरा म्हणतो, अलीकडे मला झोप छान लागते.

मी खणातून ते ‘सापडलेले’ पाकीट काढलं. निळा धागा तिच्या मांडीवरच्या गोळ्याशेजारी ठेवला.

“हा तुझा?”

तिने धागा पाहिला, मला पाहिलं. “तुम्ही तो पाकिटात घालून ठेवलात?”

मग मी सगळं सांगितलं. जोडे, मीटर, डॉक्टर, हुंगणं. ‘ओळखीचे गृहस्थ’ सांगितल्यावर तिने सुया खाली ठेवल्या, आणि कुंडी सांगितल्यावर ती इतकी हसली की लोकरीचा गोळा घरंगळत पलंगाखाली गेला. तोही मीच वाकून काढला.

“म्हणजे मी तुम्हाला मारणार, असं वाटलं तुम्हाला?”

“शुक्रवारपर्यंत,” मी म्हटलं.

“आणि तरी पळून नाही गेलात?”

“कुठे जाणार? पुस्तक ग्रंथालयाचं आहे.”

मग तिने तिची बाजू सांगितली. मी दुपारी डुलकी काढली की ती पुस्तक वाचायची. वरच्या मजल्यावर दहाबारा जणी जमायच्या, त्यांना रोज एक प्रकरण सांगायची. मला सांगितलं नाही, कारण मी म्हणजे कागदपत्रांतला माणूस. बायको पुस्तकाची गोष्ट करते म्हटलं की कुठे काय चुकलं ते तपासायला बसलो असतो. हे मला लागलं. खरं असल्यामुळे जरा जास्त लागलं.

चहा पुन्हा सुरू झाला. माझी मात्र शेवटची साठेक पानं राहिली होती आणि मुदत संपली होती. मुदत वाढवून घ्यायला ग्रंथालयात गेलो, तर ग्रंथपालबाईंनी पुस्तक माझ्या हातातून सरळ काढून घेतलं.

“मुदत वाढणार नाही. अकरा जणांची मागणी आहे, काका. सगळे तुमच्याच इमारतीतले. काय झालंय काय तिकडे?”

“पण मला त्यावर बोलायचंय हो! शेवट राहिलाय.”

“इतके दिवस काय करत होतात?”

“साक्षीदारांपाशी अडकलो होतो,” मी म्हटलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुस्तकावर शिक्का मारला. नोकरीत मी हजारो शिक्के मारले, पण समोरच्याला आवाज कसा लागतो ते तेव्हा कळलं.

बैठक दुसऱ्याच दिवशी होती. रात्रीचं जेवण झाल्यावर मी अभिमान गिळून बायकोला विचारलं, “शेवट काय होतो गं?”

सुया थांबल्या. “शेवट ना? नवऱ्याला संशय येतो. तो कप बदलतो.”

“आणि तिला गोळी जाते?”

“छे. तीही तो चहा पीत नाही. मग दोघं समोरासमोर बसतात आणि एकदाचं सगळं बोलून टाकतात. तीही कबूल करते, तोही करतो. मग ते घर विकून दुसऱ्या गावाला जातात आणि रोपांची नर्सरी काढतात.”

“रोपांची?”

“हो,” ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

मला इथेच शंका यायला हवी होती. पण संशय नुकताच महागात पडला होता. शिवाय शेवट मला आवडला होता. मी तो व्यवस्थित टिपून घेतला.

वाचक मंडळाच्या बैठकीला एरवी सातआठ माणसं असतात आणि त्यांतली दोन पंख्याखाली झोपायला येतात. त्या दिवशी सभागृह भरलं. आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्या बायका, त्यांनी ओढून आणलेले नवरे, डॉक्टर, पहिल्या रांगेत ग्रंथपालबाई. चिटणिसांनी खालच्या केशकर्तनालयातून खुर्च्या मागवल्या. त्या गोल फिरत असल्यामुळे मागच्या रांगेतली माणसं अधूनमधून माझ्याकडे पाठ करत होती. मला त्यांचाच काय तो आधार वाटला.

मी उभा राहिलो. घसा खाकरला. साक्षीदार दोनच असल्याचं निदर्शनास आणून दिलं, त्यामुळे हा विवाह ग्राह्य धरता येत नाही, आणि विवाहच नसेल तर वैवाहिक फसवणूक कशी, असा प्रश्न उपस्थित केला. एवढ्यावर माझं भाषण संपलं. घड्याळात पाहिलं, तर वीस मिनिटांतली जवळजवळ सगळीच शिल्लक होती.

“काका, नर्सरीचं सांगा ना!” वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

बुडत्याला काडी मिळाली. मी नर्सरीचं सांगितलं. कप, कबुली, घर विकणं, रोपं. बायका माना डोलवत होत्या. एका बाईंनी डोळे टिपले. आपल्याला बोलता येतं की काय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या. “माफ करा, पण असा शेवट नाहीये. नवरा मरतो.”

“मरत नाही!” मागून बायकांचा एकच गलका.

“अहो, मी वाचलंय!”

“आम्ही ऐकलंय!”

“शेवटच्या प्रकरणात त्याचं प्रेत सापडतं!”

“काहीतरीच! एवढी नर्सरी काढलेला माणूस मरेल कशाला?”

पुस्तक कोणाकडेच नव्हतं. ते अकरांपैकी पहिल्या मागणीवाल्याकडे गेलं होतं, आणि तो गृहस्थ पुस्तक वाचतो म्हणून बैठकीलाच आला नव्हता. गोंधळ वाढला तसे चिटणीस उठले. त्यांनी नियमावली काढली.

“नियम अकरा. मतभेद झाल्यास निर्णय बहुमताने. नवरा जिवंत आहे असं ज्यांचं मत, त्यांनी हात वर करावेत.”

नवरा प्रचंड बहुमताने जिवंत राहिला. विरुद्ध एकट्या ग्रंथपालबाई. डॉक्टर तटस्थ राहिले. प्रेत पाहिल्याशिवाय आपण मत देत नाही, असं त्यांनी नोंदवून घ्यायला लावलं. मीही हात वर केला नाही. मी बायकोकडे पाहत होतो, आणि ती मन लावून स्वतःच्या पिशवीचा बंद पाहत होती.

आम्ही घरी निघालो. दुकानं बंद होत होती. एका दुकानाचं शटर खाली येईपर्यंत आम्ही उगाच थांबलो.

“मी शेवट बदलला,” ती म्हणाली.

“ते कळलं. पण का?”

“नाही आवडला मला. तो बिचारा शेवटपर्यंत कागदात डोकं घालून बसतो, आणि त्याला मारून मोकळे होतात. त्याचं काय चुकलं होतं? कंटाळवाणा होता, एवढंच ना?”

यावर काही बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

“पण निदान मला तरी खरा सांगायचास. चारचौघांत माझी शोभा झाली ती झालीच.”

“तुम्हाला खरा सांगितला असता तर तुम्ही पुन्हा चहा सोडला असता.” मग जरा चालून म्हणाली, “आणि ती रडली ना, ती दुसऱ्या मजल्यावरची? ती मी सांगितलं तेव्हा नव्हती रडली. तुम्ही सांगितलंत तेव्हा रडली.”

मी मान खाली घालून चालत राहिलो.

आठवड्याने चिटणीस आले. या वेळी पोस्टाने नव्हे, स्वतः. चेहरा गंभीर.

“अडचण झाली आहे. सरकारी तपासनीस मंडळाची फाइल बघतोय. आमचं जावक पत्र आहे, पण तुमचं उत्तर नाही.”

“नियम सात?”

“तो तात्पुरता होता. लेखी होकार नसेल तर कार्यक्रम झालाच नाही असं धरावं लागेल. इतिवृत्तातून वगळायचा. तुम्ही ठरवा. होकार किंवा नकार, पण पोस्टाने पाठवा.”

माझ्या कानांवर विश्वास बसेना. म्हणजे साक्षीदारांवरचं ते भाषण, तो गलका, ते मतदान, सगळं एका नकाराने पुसून टाकता येणार होतं! अब्रू एका कार्डात परत मिळत होती. मी तत्काळ लिहायला बसलो. ‘आपले पत्र मिळाले. खेद वाटतो की’ इथपर्यंत आलो आणि थांबलो. भाषण झालंच नाही म्हटलं, तर मतदानही झालं नाही. आणि मतदान झालं नाही, तर तो नकाशावाला मेला.

बायकोने चहा आणून ठेवला. निळा स्वेटर विणून झाला होता, तो माझ्या खांद्यांना लावून पाहिला. बाह्या जरा लांब झाल्या होत्या.

मी दुसरं कार्ड घेतलं. ‘आपले पत्र मिळाले. बोलण्याची विनंती मी स्वीकारत आहे. मात्र यापुढील पुस्तकांवर माझ्याऐवजी माझ्या पत्नीला बोलवावे. शेवटाबद्दल तिचे मत ग्राह्य धरावे.’ खाली सही केली. मग सवयीने तीन रेघा ओढल्या आणि लिहिलं, ‘साक्षीदार’. पहिल्या रेघेवर बायकोने सही केली. मी बोटाने जागा दाखवायच्या आधीच. दुसरीवर डॉक्टरांनी, हुंगून. तिसरीसाठी मी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी कार्ड दोनदा वाचलं, म्हणाल्या, “तो मेलाय हं, काका,” आणि सही केली.

कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. तरी खात्रीसाठी फटीत बोटं घालून पाहिली, आणि मग लांब बाह्या मागे सारत चहाच्या वेळेला घरी आलो.